फझ पेडल: बिघाडापासून कारागिरीपर्यंत

फझ पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम फाडणारी छोटी पेटी. गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे ती जमिनीवर ठेवतात आणि पायाने खटका दाबून चालू करतात. आत आलेला सिग्नल ट्रान्झिस्टर इतका वाढवतात की लहरीचा माथा आणि तळ दोन्ही सपाट कापले जातात. त्यातून मूळ लहरीत नसलेले उपस्वर जन्मतात आणि आवाज दाट, खरखरीत, लांबत जाणारा होतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून अनेक स्वर उमलू लागतात. फझची गोडी कळायला मराठी कानाला हाच दाखला सर्वांत जवळचा आहे.

या आवाजाची सुरुवात बिघाडात आहे. 1951 साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट 88’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा वाटेत बिघडलेल्या अँप्लिफायरच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवावे लागले. त्या घरघरीनेच गाणे उठून दिसले. 1958 मध्ये लिंक रे या गिटारवादकाने ‘रंबल’साठी स्पीकरच्या कागदी कोनाला जाणूनबुजून भोके पाडली. पण भोके पाडलेला स्पीकर पुन्हा स्वच्छ वाजत नाही. हवा तेव्हा लावता आणि नको तेव्हा काढता येईल असा बिघाड अजून कोणी बनवला नव्हता.

तो बनवण्याची वेळ नॅशव्हिलमध्ये आली. मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते, आणि मिक्सिंग कन्सोलमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडल्याने त्यांचा तुकडा भुंग्यासारखा गुणगुणत बाहेर आला. तो पुसून पुन्हा वाजवणे सहज शक्य होते, तरी तो तसाच ठेवला गेला. 1961 मध्ये गाणे गाजले आणि इतर कलावंतही तोच आवाज मागू लागले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग रेव्हिस हॉब्ज यांच्यासोबत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे सर्किट जुळवले आणि ते गिब्सन कंपनीला दिले. 1962 मध्ये ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. दीड व्होल्टच्या दोन सेलवर ते चालत असे.

पहिली काही वर्षे ते फारसे खपले नाही. याने गिटार चेलोसारखी, ट्रॉम्बोनसारखी वाजेल, अशी त्याची जाहिरात होती, आणि गिटारवाल्यांना ट्रॉम्बोन नको होता. मे 1965 मध्ये कीथ रिचर्ड्‌स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ची धून फझ-टोनमधून वाजवली. तीही ब्रास वाद्यांनी पुढे काय वाजवायचे ते दाखवणारा कच्चा नमुना म्हणून. ब्रास वाद्ये आलीच नाहीत. गाणे जगभर वाजले आणि दुकानांतले फझ-टोन संपले. स्नॉडी आणि हॉब्ज यांचे पेटंट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजूर झाले.

हाताने बनवलेल्या फझची परंपरा मात्र लंडनची. फझ-टोनचा स्वर लवकर विझतो, ही वादकांची तक्रार होती. 1965 मध्ये गॅरी हर्स्ट या तंत्रज्ञाने तो स्वर लांबवणारा ‘टोन बेंडर’ तयार केला. पहिले नग तर लाकडी पेटीत बसवलेले होते. पुढच्या वर्षी आर्बायटर कंपनीने माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखा गोल ‘फझ फेस’ काढला आणि जिमी हेन्ड्रिक्सने तो अजरामर केला. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कहून माइक मॅथ्यूज यांचा ‘बिग मफ’ आला.

या सगळ्यांत कारागिराची खरी कसोटी पाहतो तो फझ फेस. त्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब, एवढे अकराच भाग आहेत. आकृती पाहून कोणीही ते जोडू शकतो. अडचण जर्मेनियमची आहे. एकाच खोक्यातल्या दोन ट्रान्झिस्टरांची वर्धनक्षमता निम्म्या-दुपटीने वेगळी निघते, शिवाय प्रत्येकातून थोडा प्रवाह विनाकारण गळत असतो. उन्हाने किंवा मंचावरच्या दिव्यांनी तापले की ही गळती वाढते आणि आवाज बदलतो. म्हणून कारागीर एकेक ट्रान्झिस्टर मोजतो. पहिल्या जागी साधारण 70 ते 80 वर्धनाचा आणि दुसऱ्या जागी 110 ते 130 चा, असा जोड सहसा पसंत केला जातो. बोटांच्या उबेनेही मीटरचा आकडा सरकतो, तेव्हा ट्रान्झिस्टर मीटरला लावून झाल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरच्या पायाला धातूचा चिमटा लावतात, म्हणजे उष्णता आत पोचत नाही. शेवटी 9 व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर साधारण साडेचार व्होल्ट मिळतात का ते पाहतात, आणि मग गिटार लावून ऐकतात. चांगला जोड असेल तर गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करताच खरखर विरते आणि तार काचेसारखी स्वच्छ वाजते. आकडे जुळूनही हे न साधलेला जोड काढून टाकावा लागतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस फझमध्ये सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. ते उष्णतेला बधत नाहीत आणि एकसारखे निघतात, त्यामुळे कारखान्यांची सोय झाली. त्यांचा आवाज मात्र अधिक तिखट आहे. नव्वदच्या दशकात छोट्या कार्यशाळांनी जर्मेनियम पुन्हा हाती घेतले. मिनियापोलिसच्या झॅकरी व्हेक्स यांची पाच नॉबची ‘फझ फॅक्टरी’ हाताने रंगवलेल्या डब्यांत विकली जाई. या कारागिरांचा एक आवडता ट्रान्झिस्टर म्हणजे एसी 128. ज्या जुन्या रेडिओला आपल्याकडे घरोघरी नुसते ‘ट्रान्झिस्टर’ म्हणत, तशा रेडिओंतला हा भाग. मोठ्या प्रमाणावर त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. नवा जर्मेनियम फझ आज बहुतेक वेळा जुन्या साठ्यातले ट्रान्झिस्टर मोजूनच बनतो, आणि मोजलेल्यांपैकी बरेचसे बाजूला टाकावे लागतात.