कंप हरणाऱ्याच्या गावात

साल 1854. कुंभकोणमशेजारच्या तिरुभुवनम्‌मध्ये, कंपहरेश्वराच्या गोपुरासमोर तुम्ही उभे आहात. थरथर कापणाऱ्याचा कंप हरतो तो हा महादेव. आज तुमचेच पाय लटपटताहेत, कारण तुमच्यावर चोरीचा आळ आहे.

तिकडे तंजावरच्या वाड्यात दुसरे शिवाजीराजे अजून हयात आहेत, दरबारी मराठीही शाबूत आहे. पण मुलूख 1799 पासून कंपनीचा. सारा वसूल करणारा तहसीलदारच इथं पोलिसांचाही वरिष्ठ. साऱ्यासाठी असो की कबुलीसाठी, अवजार एकच: किट्टी. एका टोकाला बांधलेल्या दोन काठ्या. अडकित्त्यात सुपारी धरावी तशी तुमची बोटं त्यात धरतात आणि आवळतात. कुणाच्या डोळ्यांत मिरचीही जाते. चोरी तुम्ही केलेली असो वा नसो, तिसऱ्या आवळणीला ती केलेली असते.

आता मद्रासला चला. इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन यांच्या कमिशनपुढे अशा 1,959 तक्रारी आल्यात. 1855 चा अहवाल म्हणतो, छळ होतो. (गोरे साहेब मात्र त्यातून नामानिराळे. तेही ओघानंच आलं!) पुढं 1861 मध्ये पोलिसापुढची कबुली पुराव्यातून बाद झाली. 1872 च्या साक्ष कायद्यात ते कलम 25 बनलं. पण दोनच कलमांनंतर चोरवाट ठेवली: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं चालेल. 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं ती वाट अरुंद केली. सुरा कुठं लपवला हे घ्या, त्यानं कुणाला भोसकलं हे वगळा.

थांबा, अजून डिसेंबर 1973 चं दिल्लीतलं सर्वोच्च न्यायालय राहिलं. पूरनमल खटला, प्राप्तिकराची धाड. न्या. पालेकर निकाल देतात: झडती बेकायदा असली, तरी सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यानं बाद होत नाही. अमेरिकेत 1961 च्या मॅप खटल्यापासून तो राज्यांच्या न्यायालयांतही बाद होतो. आपल्याकडे अमली पदार्थांच्या अंगझडतीसारखे अपवाद सोडले, तर पालेकरांचाच नियम चालतो. म्हणजे पोलिसाच्या कानावर कायद्याचा विश्वास नाही, हातावर आहे. मला हे कधीच पटलेलं नाही. किट्टी आवळत होते ते हातच.

परत गोपुराशी या. 1 जुलै 2024 पासून कलम 25, 26 आणि 27 भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये एकत्र आली आहेत. चोरवाट परंतुक म्हणून कायम आहे.