परळहून निघालेले कागद

१९४५ साली अमेरिकेतल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक पेपर छापून आला. लेखक दोन : डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई. विषय होता लोकांच्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोग. धोतर घट्ट नेसल्याने कंबरेवर वर्षानुवर्षे काच बसतो, कातडीचा रंग बदलतो, जखम होते आणि काहींच्या बाबतीत त्याच जागी कर्करोग होतो, ही गोष्ट त्यात होती. वाचणारा पॅथॉलॉजिस्ट शिकागोचा किंवा बोस्टनचा. त्याने धोतर पाहिलेले नाही. म्हणजे गाठीच्या पेशींचे वर्णन करण्याआधी कापड कसे गुंडाळतात, गाठ कुठे येते, माणूस ते किती वेळ अंगावर ठेवतो हे सगळे त्याला समजेल असे लिहिणे भाग होते. हे काम परळचे. तिथले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. ऐन महायुद्धाच्या त्या वर्षांत परळच्या कामाची नोंद सातासमुद्रापार गेली.

माझे सगळे नोकरीचे आयुष्य असे कागद तयार करण्यात गेले. लालबागच्या टायपिंग क्लासात मी मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस परळच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाची टंकलेखिका म्हणून लागले. डॉक्टरांचे पेपर टाइप करणे, जर्नलला पाठवणे आणि परत आल्यावर दुरुस्त करणे हे काम टाइपरायटरपासून संगणकापर्यंत माझ्याकडे राहिले. या कामाचा इतिहास डॉक्टरांच्या चरित्रांत फारसा येत नाही. म्हणून तो मी लिहिते आहे.

त्या काळचा पेपर म्हणजे एका बाजूला टाइप केलेले पंचवीस-तीस कागद. ओळींमध्ये दुहेरी अंतर, चारही बाजूंना इंचभर समास. नवख्यांना ही कागदाची उधळपट्टी वाटे. पण त्या मोकळ्या जागेत संपादक आपल्या खुणा करी आणि छापखान्यातला जुळारी त्या खुणा वाचून खिळे जुळवी. प्रती तीन लागत : एक संपादकाला, दोन परीक्षकांना. सुरुवातीला मी कार्बन लावत असे. तिसऱ्या प्रतीपर्यंत अक्षर पुसट होई, म्हणून विक्रोळीत बनलेल्या गोदरेजच्या यंत्राच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. झेरॉक्स आल्यावर बोटांना विश्रांती मिळाली.

छायाचित्रांचे नियम आणखी कडक. चकचकीत कागदावरच्या कृष्णधवल प्रती, साधारण पाच बाय सात इंच. मागे चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर आकृतीचा क्रमांक, लेखकाचे नाव आणि वरची बाजू दाखवणारा बाण. टाचणी लावायची नाही, क्लिप लावायची नाही, मागून पेनने दाबून लिहायचे नाही, कारण वळ उमटला की तो छापात येतो. मग जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये सगळे ठेवून लिफाफा बंद करायचा आणि हवाई टपालाने लंडनला किंवा न्यूयॉर्कला. उत्तराला महिने लागत. लिफाफा जाडजूड आला की उघडण्याआधीच समजे : पेपर परत आलेला आहे.

हे पेपर परदेशात पाठवण्याची गरज का होती, याचे उत्तर १९५५ सालच्या एका पेपरात आहे. संघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगांशी असलेला संबंध मांडला. त्याच नियतकालिकात पाच वर्षे आधी डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला होता. पण तंबाखू गालात धरून ठेवण्याची सवय ही आपली गोष्ट. ती विलायतेतल्या डॉक्टरला दिसणार नव्हती; ती परळच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसत होती. तिथे बसून रोग्याला विचारायचे : काय खाता, किती खाता, कधीपासून? आणि तेच प्रश्न कर्करोग नसलेल्यांनाही विचारायचे. दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय संपादक ऐकत नाही. दहा वर्षांत पेपर लिहिण्याची रीत किती बदलली ते इथे दिसते. १९४५ मध्ये विलक्षण रोगी नीट वर्णन करून दाखवणे पुरे होते. १९५५ मध्ये आकडे आणि तुलना आली.

पुढचा प्रश्न : मुंबईत एकूण किती जणांना कर्करोग होतो? रुग्णालयात आले तेवढेच मोजून हे कळत नाही. १९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली अशी ही भारतातली पहिली नोंदणी. नोंदणीची माणसे वेगवेगळ्या रुग्णालयांत जाऊन केसपेपर उतरवून घेत, मृत्यूच्या नोंदी तपासत, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे-पत्ते ताडून पाहत. या नोंदींवर उभा राहिलेला जस्सावाला आणि देशपांडे यांचा तंबाखूवरचा पेपर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅन्सर’ या जर्नलमध्ये आला. १९६३ सालीच सोसायटीने ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ही काढले. आपल्या रोग्यांविषयी आपल्याच देशात, आपल्या डॉक्टरांना वाचता येईल अशी जागा झाली. पलीकडे केईएम रुग्णालय आणि गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतच होते. एकाच परळात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि जर्नलांची प्रुफे तपासली जात होती.

माझ्या कामातला सर्वांत मोठा बदल व्हँकुव्हरहून आला. तोवर प्रत्येक जर्नलची संदर्भ लिहिण्याची पद्धत निराळी. कुणाला लेखकांची नावे अकारविल्हे हवीत, कुणाला वर्ष आधी हवे, कुणाला खंडाचा क्रमांक ठळक हवा. एका जर्नलने पेपर नाकारला की दुसऱ्याकडे पाठवण्याआधी संदर्भांची सगळी यादी पुन्हा टाइप करावी लागे. १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एकत्र बसले आणि सर्वांना चालेल अशी एकच पद्धत त्यांनी ठरवली. १९७९ मध्ये ती छापली गेली. मजकुरात उल्लेख येईल त्या क्रमाने आकडे, आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. जर्नलांची संक्षिप्त नावे ‘इंडेक्स मेडिकस’प्रमाणे. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेल्या या सूचीचे जाड खंड आमच्या ग्रंथालयात मांडलेले असत आणि दुपारच्या वेळी मी त्यांतून एकेक संदर्भ पडताळत असे. विभागातले सर शेवटच्या क्षणी म्हणत, “बाई, तिसऱ्या पानावर अजून एक संदर्भ घालायचाय.” मग तिथून पुढचे सगळे आकडे बदलायचे, यादीही बदलायची. तरीही त्या संपादकांविषयी मला आदर आहे. मुंबईच्या किंवा नैरोबीच्या लेखकाचे किती श्रम त्यांनी वाचवले हे टाइप करणाऱ्यालाच कळते.

या सगळ्याहून मोलाचे काम मात्र पेपर लिहायला घेण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. शस्त्रक्रिया झालेला रोगी पाच वर्षांनी जिवंत आहे का, हे कळल्याशिवाय कर्करोगाच्या उपचाराविषयी काही सांगता येत नाही. रोगी रत्नागिरीचा, साताऱ्याचा, जळगावचा. आम्ही जोडकार्डे पाठवत असू : अर्ध्यावर आमची विचारपूस, उरलेले अर्धे उत्तरासाठी, टपालखर्च आधीच भरलेला. उत्तरे मोडीच्या वळणाच्या मराठीत येत, शाळकरी मुलांच्या अक्षरात येत. प्रकृती बरी आहे, जेवण जाते, आवाज अजून बसलेला आहे. किंवा : वडील गेल्या आषाढात वारले, आपण खूप केलेत. ती कार्डे वाचून मी रजिस्टरात तारीख घालत असे आणि काही महिन्यांनी तीच तारीख एखाद्या आलेखातली पायरी होऊन संपादकाकडे जाई. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या पत्त्यांवर पाठवलेली कार्डे परत येऊ लागली. पत्त्यावर माणूस नाही. चाळीतली खोली सोडून कुटुंब गावी गेलेले. पेपरच्या तक्त्यात अशांसाठी एक रकाना असतो : पाठपुरावा तुटलेले. त्या वर्षांत आमचा तो रकाना फुगला. संप गिरणगावाचा होता, पण त्याची खूण शस्त्रक्रियेच्या तक्त्यात उमटली.

तोंडाच्या कर्करोगाच्या पेपरांत रोग्यांची छायाचित्रे जात. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी लावायची पद्धत होती. पुढे वैद्यकीय संपादकांच्या समितीने स्पष्ट लिहिले की डोळे झाकणे पुरेसे नाही. चेहरा ओळखू येत असेल तर रोग्याची लेखी संमती हवी. मला हा नियम फार उशिरा आला असे वाटते. आपल्या गावातला माणूस जबड्यावरून, गळ्यातल्या माळेवरूनही ओळखू येतो.

खेड्यातला कर्करोग मोजण्याचे काम बार्शीने करून दाखवले. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात माणसे रुग्णालयात येतात आणि नोंदणी तिथून माहिती घेते. बार्शीत माणसे येतच नव्हती, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. त्याच भागातून पुढे मोठा अभ्यास उभा राहिला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या ५२ समूहांत विभागून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना केली गेली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले : एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. पेपर गाजला आणि त्यावर वादही झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना ती तपासणी अभ्यासाने दिली नव्हती, हे योग्य होते का? हा प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते आणि अभ्यासाने जगाला दिलेले उत्तरही. दोन्ही गोष्टी उघडपणे बोलता आल्या, कारण पद्धत पेपरात पूर्ण लिहिलेली होती.

नीतिसमितीची परवानगी, चाचणीची आधीच नोंदणी, कोणत्या लेखकाने काय केले याचे निवेदन, पैसे कुणी दिले याची कबुली : आज पेपर पाठवताना तरुण डॉक्टर ज्या रकान्यांना कंटाळतात ते सगळे असेच एकेका कारणाने आले. औषधाचा उपयोग झाला नाही असे दिसले की ते निष्कर्ष कपाटात राहत. म्हणून जर्नलांनी २००५ पासून सांगितले की चाचणी सुरू होण्याआधी नोंदवलेली नसेल तर पेपर छापणार नाही. चाचण्यांची भारताची स्वतःची नोंदवही २००७ मध्ये उघडली. २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा पेपर ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला तो याच शिस्तीतून. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात की त्या दिसू लागल्यावर, हा वाद अनेक दशकांचा. उत्तर आकड्यांत आले : लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. १९४५ मध्ये परळचा पेपर जगाला एक अपरिचित आजार दाखवत होता. २०१५ मध्ये परळचा पेपर जगभरच्या शल्यचिकित्सकांना उपचार कसा करावा ते सांगत होता.

आता सगळे संगणकावर चालते. लिफाफा गेला, कार्बन गेला, संदर्भांचे आकडे आपोआप बदलतात. पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणारी बनावट जर्नलेही आली आणि बढतीसाठी पेपर हवा असलेले काही जण त्यांच्याकडे जातात. कर्करोगाच्या बाबतीत हे मला अक्षम्य वाटते. पडताळणी न झालेला आकडा वाचून कुणीतरी, कुठेतरी एखाद्या रोग्याचा उपचार ठरवतो.

तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे की जर्नलच्या सूचना शेवटच्या रात्री वाचू नका. अभ्यास आखतानाच वाचा. आणि ज्यांनी गावोगाव फिरून, दूरध्वनी करून, रजिस्टरे भरून तुमचा तक्ता पूर्ण केला त्यांची नावे आभारांत लिहा. वाचकांनाही एक सांगणे आहे. उपचार संपल्यानंतर कधी रुग्णालयातून फोन येईल : रोगी कसा आहे? माणूस गेलेला असला तरी, बोलणे जड जात असले तरी, उत्तर द्या. तुमच्या त्या एका वाक्यावर पुढच्या रोग्याचा उपचार ठरणार असतो.