बंद करू नये : नेटवेअर नावाच्या बुडालेल्या व्यवस्थेविषयी

आपल्या मंडळात आजवर वीरगळ, जुन्या वाटा, सनदा, देवळांच्या पायऱ्या अशा विषयांवर टिपणं आली. मी या वेळी एका कॉम्प्युटरवर लिहितोय. काही जण म्हणतील, "हा कसला इतिहास?" पण तीस वर्षांपूर्वीची वस्तू जर आज कुणाला उघडता येत नसेल, तर ती मोडी कागदापेक्षा वेगळी कशी? मोडी वाचणारे निदान थोडे तरी आहेत.

झालं असं. गेल्या पावसाळ्याआधी शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेकडून निरोप आला की माळा साफ करतोय, जुनं काही हवं असेल तर घेऊन जा. गणेशगुडीहून गाडी काढली. वाळवी लागलेल्या खतावण्या, गंजलेली कपाटं, आणि कोपऱ्यात एक पिवळट पडलेला कॅबिनेट. त्यावर चिकटपट्टीखाली निळ्या शाईतली चिठ्ठी : "बंद करू नये. करायचाच तर आधी डाऊन टाइप करावे." अक्षर माझंच! १९९४ साली हा सर्व्हर मीच बसवला होता. तेव्हा मी बेळगावात राहून या पट्ट्यातल्या ऑफिसांना कॉम्प्युटर बसवून द्यायचो.

सर्व्हरवर चालत होतं नोव्हेल कंपनीचं नेटवेअर ३.१२, पाच जणांचं लायसन्स.

नेटवेअर म्हणजे काय होतं

अमेरिकेतल्या युटा राज्यात नोव्हेल डेटा सिस्टिम्स ही कंपनी सुरुवातीला कॉम्प्युटरची यंत्रं बनवायची, आणि ती बुडायच्या बेतात होती. १९८१ मध्ये तिने ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या काही पोरांना कामाला लावलं. ड्रू मेजर, डेल नायबॉर, काइल पॉवेल ही त्यातली नावं. स्वतःच्या गटाला ते सुपरसेट म्हणत. १९८३ मध्ये रे नूर्डा यांनी कंपनीची सूत्रं घेतली. यंत्रं विकण्यापेक्षा यंत्रं जोडणारं सॉफ्टवेअर विकावं, हे त्यांनी ओळखलं.

त्या वेळी हार्ड डिस्क महाग होती. एक डिस्क चार जणांत वाटायची म्हणून इतर कंपन्या डिस्कचे तुकडे पाडून द्यायच्या. हा तुकडा तुझा, तो माझा. सुपरसेटच्या पोरांनी डिस्कऐवजी फाइल वाटली. एकच खतावणी, पाच टेबलांवरून उघडी, आणि एकजण एका ओळीवर लिहीत असेल तर ती ओळ दुसऱ्याला तेवढ्यापुरती बंद. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येकाला वेगळी वही देण्याऐवजी एकाच वहीभोवती सगळ्यांना बसवलं, आणि हाताला हात लागणार नाही याची काळजी घेतली.

दुसरी गोष्ट वेगाची. नेटवेअर सर्व्हरच्या मेमरीत फाइलींचे भाग धरून ठेवायचं, लिहायचं तेही आधी मेमरीत आणि मग सवडीने डिस्कवर. त्यामुळे साध्या ३८६ किंवा ४८६ यंत्रावर ते भन्नाट पळायचं. पण यातच धोका होता. वीज अचानक गेली की मेमरीतलं डिस्कवर उतरायचं राहून जायचं. म्हणून ती चिठ्ठी. डाऊन ही आज्ञा दिली की सर्व्हर हातातलं सगळं डिस्कवर टाकून मगच थांबायचा.

आमच्याकडे तर याची गंमतच होती. मी वाढलो तो काळीनदीच्या या धरणाच्या सावलीत. १०१ मीटर उंचीचं सुपा धरण, पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच. वीज दारात तयार होते, आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या ऑफिसात दुपारी दिवे मिणमिणतात! यूपीएसशिवाय नेटवेअर बसवायचं नाही, हा माझा पहिला नियम होता.

केबल, टोप्या आणि साप

नव्या पिढीला वायफायमुळे हे सांगूनही पटणार नाही. पातळ काळी कोएक्स केबल एका टेबलाहून दुसऱ्याकडे जायची, प्रत्येक यंत्रामागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी, म्हणजे टर्मिनेटर. एका तुकड्याची लांबी १८५ मीटरच्या आत, यंत्रं जास्तीत जास्त तीस. झाडूवालीने एखादा जोड ओढला की सगळं ऑफिस बंद. मग मीटर घेऊन गुडघ्यांवर रांगत प्रत्येक टेबलाखाली जायचं. केबलच्या मधोमध २५ ओहम दाखवलं तर दोन्ही टोप्या शाबूत, ५० दाखवलं तर एक गेली. हा हिशोब मी अजून विसरलेलो नाही.

सकाळी क्लार्क यंत्र चालू करायचा, आयपीएक्स आणि नेटएक्स हे दोन छोटे प्रोग्राम चढायचे, आणि मग एफ ड्राइव्ह दिसायचा. "एफ आला का?" हा त्या काळचा सकाळचा प्रश्न. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर, कुणी कळ दाबली नाही तर, एक साप वळवळत फिरायचा. काम जितकं जास्त तितका साप लांब आणि चपळ. मार्चअखेरीला संस्थेचे मॅनेजर मला म्हणाले होते, "साहेब, आज तुमचा नाग पडद्यात मावत नाही!"

भारतात मुंबईच्या ऑनवर्ड कंपनीने नोव्हेलशी भागीदारी केली होती. हरीश मेहता हे तिचे संस्थापक. नेटवेअरची सीएनई परीक्षा पास झालेल्या पोराला पुण्या-मुंबईत लगेच नोकरी मिळायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या ऑफिस-नेटवर्कांत निम्म्याहून जास्त वाटा नेटवेअरचा होता.

मग बुडालं कसं

एका कारणाने बुडालं असं मी म्हणणार नाही. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी आलं. फाइली वाटण्यात ते नेटवेअरपेक्षा संथ, पण त्यावर डेटाबेससारखे मोठे प्रोग्रामही चालायचे, आणि ते चालवायला माउस पुरायचा. नेटवेअरमध्ये सर्व्हरवरचा एखादा प्रोग्राम बिघडला की अख्खा सर्व्हर कोसळू शकायचा, कारण प्रोग्रामांमध्ये भिंत नव्हती. याच भिंती नसल्यामुळे ते इतकं वेगवान होतं. गुण तोच दोष.

त्याच वर्षी नोव्हेलने नेटवेअर ४ काढलं. त्यातली डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या सर्व्हरांची मिळून वापरणाऱ्यांची एकच यादी, काळाच्या पुढे होती. पण त्याच सुमारास कंपनीने युनिक्सचे हक्क घेतले, १९९४ मध्ये वर्डपरफेक्ट विकत घेतलं आणि दोनच वर्षांत ते विकूनही टाकलं. नूर्डा १९९४ मध्येच पायउतार झाले. एवढ्यात इंटरनेट आलं. इंटरनेटची बोली टीसीपी-आयपी, नेटवेअरची आयपीएक्स. नेटवेअर मूळची बोली म्हणून टीसीपी-आयपी बोलायला लागलं ते १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. तोवर गिऱ्हाइकं निघून गेली होती. ६.५ ही शेवटची आवृत्ती २००३ मध्ये आली, आणि २०१० मध्ये तिचा नेहमीचा आधार थांबला.

तरी चिवटपणा बघा. २०१३ मध्ये नेटवेअर ३.१२ चा एक सर्व्हर बंद केल्याची बातमी परदेशात गाजली. तो सोळा वर्षांहून जास्त काळ एकदाही न थांबता चालला होता!

माळ्यावरचा डबा

आता आपल्या डब्याकडे. संस्थेने २००१ मध्ये नवी यंत्रणा घेतली. चालू खाती नव्यात गेली, बंद आणि मयत खाती जुन्यातच राहिली. त्यांची छापील पानं वाळवीने खाल्ली. त्यात एका मयत सभासदाच्या मुलीने वडिलांच्या भागभांडवलाची विचारणा केलेली. पावती नाही, नंबर नाही. संस्थेचे जुने खजिनदार मला म्हणाले, "मास्तर माणूस होता तो, खोटं सांगणारी पोर नव्हे. पण मी लिहून काय दाखवू?"

नेटवेअरची डिस्क विंडोजला वाचता येत नाही; उलट ती कोरी समजून फॉरमॅट करू का असं विचारते. मी डिस्क काढली, सुरू व्हायला तिने तीन खेपा घेतल्या. आधी तिची हुबेहूब प्रत काढली, मूळ डिस्क बाजूला ठेवली, आणि लॅपटॉपवर यंत्रातलं यंत्र तयार करून त्यात नेटवेअर चालू केलं. सुपरवायझरचा पासवर्ड १९९४ च्या माझ्या डायरीत होता. थोड्या वेळाने साप फिरायला लागला. बायको बघायला आली. मी काही बोलू शकलो नाही.

सभासदांची फाइल उघडली. नावं इंग्रजी अक्षरांत, नंबर, भाग, वारस. मास्तरांचं खातं सापडलं, संस्थेने रक्कम मान्य केली. पण माझी नजर अडकली ती दोन रकान्यांवर, जे मीच कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या वेळी घातले होते. राहणार : रामनगर. मूळ गाव : सुपा. एकाखाली एक, कितीतरी ओळी.

सुपा म्हणजे आपल्या तालुक्याचं जुनं नाव, आणि जलाशयाखाली गेलेलं जुनं ठाणं. लोक रामनगरला उठवले गेले. कोण कुठून आलं हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची. आणि त्याची एक यादी एका बुडालेल्या व्यवस्थेच्या पोटात तीस वर्षं पडून होती. संस्थेच्या परवानगीने, रकमा वगळून, तिच्यातून कुटुंबांची आणि मूळ गावांची जंत्री करतोय.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या सोसायटीत, ग्रंथालयात, शाळेत असा जुना डबा दिसला तर भंगारवाल्याला देऊ नका. उत्साहाने चालूही करू नका. आधी जाणकाराकडून डिस्कची प्रत काढून घ्या. फ्लॉपी, जुन्या डायऱ्या, पासवर्डची चिठ्ठी त्याच पेटीत ठेवा. आणि ज्याने तो बसवला होता तो माणूस शोधा. आम्ही अजून आहोत, पण आम्हीही आता जुन्या आवृत्तीचे झालोय.