कोयना नदी : धरणानंतरचा प्रवाह

कृष्णेची उपनदी. उगम महाबळेश्वर. हेळवाकपर्यंत सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, तेथे काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून येऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमात कृष्णेस मिळते. वळणाजवळ देशमुखवाडी येथे १०३ मी. उंचीचे धरण (१९६४). शिवसागर जलाशयाची क्षमता मुळात ९८.७८ टीएमसी, पुढे वाढवून १०५.२५.

पश्चिमेकडे वळलेले पाणी : धरण एरवी पावसाळ्यातले पाणी अडवून त्याच पात्रात सवडीने सोडते. कोयनेत अडवलेले बहुतांश पाणी मात्र आपल्या पात्रात परतच येत नाही. ते बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे जाते, पोफळीची जनित्रे फिरवते, कोळकेवाडीच्या तळ्यात थांबते आणि पुन्हा वीज देऊन अवजल म्हणून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरते. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वर्षभर सारखे वाटले तर हे पाणी सुमारे २,१४० क्युसेक भरते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले एका नदीएवढे पाणी अरबी समुद्राला दिले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

वाशिष्ठीचे रूप त्यामुळे पालटले. कोकणातल्या नद्या शिमग्यानंतर आटतात, डोहांपुरत्या उरतात. वाशिष्ठी ऐन वैशाखात वाहते. भरती पोहोचत नाही अशा वरच्या भागातही काठच्या खडकांवरची ओली रेघ पावसावाचून वर-खाली होते. विजेची मागणी वाढली की पाणी चढते, ओसरली की उतरते. लोटे-परशुरामचे कारखाने याच पाण्यावर उभे आहेत.

पूर्वेकडील पात्र : पावसाळ्याच्या आरंभी धरण भरत असते. तेव्हा पाटणखाली दिसणारे गढूळ लोंढे कोयनेचे कमी, केरा, मोरणा, वांग या उपनद्यांचे अधिक असतात. उन्हाळ्यातला प्रवाह पायथा वीजगृहातून येतो (पूर्ण चालले तर २,१०० क्युसेक). ताकारी, टेंभू या उपसा योजनांची भिस्त या विसर्गावर आहे. आवर्तन लांबले की सांगलीपर्यंत कृष्णेचे पात्र उघडे पडते. पूर्वी झऱ्यांच्या भरवशावर असलेली नदी आता वेळापत्रकावर चालते.

महापूर : जुलैत जलाशयात जागा असते तोवर धरण पूर निश्चित अडवते. ऑगस्टमध्ये ते भरत आले की येईल तेवढे पाणी सांडव्याच्या सहा वक्राकार दरवाजांतून सोडावे लागते. वीज आणि सिंचन यांना धरण भरलेले हवे, पूरनियंत्रणाला रिकामे. ही ओढाताण बांधकामाने सुटणारी नाही. २००५ व २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरांत कोयनेच्या विसर्गाचा वाटा किती आणि खालच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा किती, तसेच जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराशी कोळकेवाडीच्या पाण्याचा संबंध कितपत, यांविषयी मतभेद आहेत.

गाळ : जलाशयात बसतो, धरणाखाली निवळ पाणी येते.

विस्थापन, भूकंप (१९६७) : पाहा ‘कोयना प्रकल्प’.