तेरा वर्षांचा थकलेला पगार

के-ड्रामा बघणाऱ्यांना एक सीन तोंडपाठ असेल. बाहेर बर्फ पडतोय आणि घरातले सगळे सोफा सोडून जमिनीवर पसरलेत, कारण जमीनच गरम आहे. याला ओंडोल म्हणतात. चुलीची धग आणि धूर फरशीखालच्या वाटांनी फिरवायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडायचा, अशी ही जुनी पद्धत. १६६८ साली हॉलंडमध्ये छापलेल्या एका छोट्या पुस्तकात या खोल्या भेटतात. लिहिणारा सांगतो की थंडीत रोज खालून जाळ घालतात, त्यामुळे ती खोली कमी आणि भट्टीच जास्त वाटते.

मी हे पुस्तक इंग्रजी भाषांतरातून वाचलं. वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, प्रवासवर्णन असेल. पण प्रवासवर्णन म्हणून ते लिहिलेलंच नाही. तो कंपनीला पाठवलेला अहवाल आहे आणि त्याच्या मागे एक साधी मागणी आहे : आमचा तेरा वर्षांचा पगार द्या.

लिहिणाऱ्याचं नाव हेन्ड्रिक हामेल. जन्म १६३०, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच जन्मवर्षाचा. गाव हॉलंडमधलं गोरिंखेम. नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीत. वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती ते वलंदेज, त्यांचीच ही कंपनी. हामेल तिच्या ‘स्पर्वेर’ नावाच्या जहाजावर हिशेबनीस होता. हा हिशेबनीसपणा लक्षात ठेवा, कारण पुस्तकभर तो दिसत राहतो.

१६५३ च्या उन्हाळ्यात स्पर्वेर तैवानहून जपानकडे, नागासाकीला निघालं. वाटेत वादळात सापडलं आणि ऑगस्टमध्ये जेजू बेटाच्या खडकांवर आपटून फुटलं. तेच जेजू, जिथे आज कोरियन जोडपी हनिमूनला जातात. जहाजावर ६४ माणसं होती, वाचली ३६. आपण कुठे येऊन पडलोय हेही त्यांना आधी कळेना.

बेटावरच्या अधिकाऱ्याने, यी वॉन-जिन त्याचं नाव, त्यांना नीट खाऊपिऊ घातलं. हामेल चक्क लिहून ठेवतो की ख्रिस्ती लोकांकडूनही अशी वागणूक मिळाली नसती. सतराव्या शतकातला युरोपियन माणूस हे लिहितोय, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

मग एक दिवस त्यांच्यासमोर लांब तांबूस दाढीचा, कोरियन कपड्यातला माणूस आणून उभा केला. अधिकाऱ्याने विचारलं, हा कोण? हे म्हणाले, आमच्यासारखाच हॉलंडचा दिसतोय. अधिकारी हसला. म्हणाला, नाही, हा कोरियन आहे. तो माणूस होता यान वेल्टेव्रे. १६२७ साली पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. त्याच्याबरोबरचे दोघे पुढे मांचूंविरुद्धच्या लढाईत मेले. हा एकटा उरला, पाक यॉन या नावाने राजाच्या चाकरीत राहिला. २६ वर्षांत तो आपली मातृभाषा इतकी विसरला होता की सुरुवातीला या लोकांना त्याचं बोलणं समजेना. महिनाभर यांच्यात राहिल्यावर त्याची डच परत आली. कोरियन नोंदींत म्हटलंय की यांना भेटल्यावर तो इतका रडला की कपडे ओले झाले. हामेलच्या अहवालात हे रडणं नाही. रडण्याचा पगाराशी काय संबंध, असंच त्याला वाटलं असणार!

वेल्टेव्रेने जे सांगितलं ते ऐकून सगळ्यांचे पाय गळाले असतील. या देशात आलेल्या परक्याला परत जाऊ देत नाहीत. खायला-ल्यायला देतील, पण मरेपर्यंत इथेच.

१६५४ मध्ये त्यांना सेऊलला राजा ह्योजाँगसमोर उभं केलं, तिथेही हेच उत्तर मिळालं. आता हा राजा कोण, ते बघा. मांचूंनी १६३७ मध्ये कोरियाला नमवलं तेव्हा हाच राजपुत्र ओलीस म्हणून शनयांगला नेला होता. आठ वर्षं त्याने परक्यांच्या ताब्यात काढली. घरी जायची ओढ काय असते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्याने यांना सोडलं नाही. मला वाटतं, त्याच अनुभवामुळे सोडलं नाही. आधी जपानने आणि मग मांचूंनी तुडवलेला हा देश होता. बाहेर गेलेला प्रत्येक माणूस इथली बातमी घेऊन जाणार, ही भीती खोटी नव्हती. शिवाय राजाच्या डोक्यात मांचूंचा सूड होता आणि त्यासाठी बंदुका जाणणारी माणसं त्याला हवीच होती. यांना शरीररक्षक दलात घातलं.

सेऊलमधला त्यांचा काळ म्हणजे भलतंच प्रकरण आहे. आपण म्हणतो, परदेशी माणसाने कोरिया पाहिला. पण आधी कोरियाने या लोकांना पाहिलं, तेही मन भरेपर्यंत. गावात अफवा होती की हे राक्षसासारखे प्राणी आहेत, पाणी प्यायचं झालं की यांना आपलं नाक उचलून कानामागे ठेवावं लागतं! सुरुवातीला रस्त्यावर निघायची सोय नव्हती, इतकी गर्दी. बडे लोक त्यांना घरी बोलवायचे, का तर बायकामुलांना दाखवायला. शेवटी त्यांच्या वरिष्ठाला हुकूम काढावा लागला की मला विचारल्याशिवाय यांना कुणी न्यायचं नाही. सेल्फीचा जमाना नव्हता म्हणून वाचले.

१६५५ मध्ये त्यांच्यातले दोघे मांचू राजदूताच्या मिरवणुकीत घुसले आणि आम्हाला सोडवा म्हणाले. दरबाराने लाच देऊन ते प्रकरण दाबलं. ते दोघे कैदेत मेले. उरलेल्यांना जिवंत ठेवायचं की नाही यावरही खल झाला. अखेर १६५६ मध्ये त्यांना दक्षिणेला जोल्ला प्रांतात पाठवलं, आजच्या गांगजिनजवळच्या एका लष्करी ठाण्यावर. काम काय, तर महिन्यातून दोनदा कचेरीपुढचं गवत उपटायचं.

आणि माझ्या मते खरं निरीक्षण इथून सुरू होतं. दरबारात हे लोक तमाशातली अस्वलं होती. जोल्लात ते गरीब शेजारी झाले. मिळणारं धान्य पुरेना, कपडे फाटले, तेव्हा त्यांनी भीक मागायला सुरुवात केली. भीक मागणाऱ्याला समाज लवकर कळतो. कोण देतं, कोण हाकलतं, कुणाला कशाची आवड आहे, सगळंच. हामेल लिहितो, सगळ्यांत सढळ हात बौद्ध भिक्षूंचा. पण फुकट नाही हं! त्यांना गोष्टी लागायच्या. तुमचा देश कसा आहे, जगात आणखी कुठले देश आहेत, ते ऐकायला रात्र पुरायची नाही. देशाची दारं बंद, आणि मठातल्या माणसाला मात्र जगाची इतकी भूक. मला हा त्या पुस्तकातला सगळ्यांत आवडता भाग वाटतो.

बाकी नोंदी हिशेबाच्या वहीसारख्याच कोरड्या आहेत. तंबाखू इतकी बोकाळली आहे की चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा ओढतात, आणि ती आली जपान्यांकडून, पन्नास-साठ वर्षांपूर्वी. एकेका बड्या घरी दोन-तीनशे गुलाम असतात. नवरा बायकोला गुलामापेक्षा फारसं बरं वागवत नाही, क्षुल्लक कारणावरून टाकून देतो. लोक चोरी करतात, थापा मारतात, कुणाला फसवलं तर त्यात कमीपणा मानत नाहीत. आणि लगेच हेही सांगतो की माणसं स्वभावाने चांगली आहेत, भोळी आहेत, आम्ही काहीही सांगितलं तरी पटायचं. आता, जे लोक काहीही पटवून घेत होते त्यांना ‘काहीही’ सांगत कोण होतं, असं आपण हामेलला विचारू शकतो.

शिक्षणाबद्दल तो लिहितो ते आजच्या कोरियाबद्दल ऐकतोय असं वाटतं. खात्यापित्या घरची मुलं रात्रंदिवस पुस्तकात. मास्तर मारून शिकवत नाहीत, पूर्वीच्या विद्वानांच्या गोष्टी सांगून गोडीने शिकवतात. परीक्षा पास होऊन पद मिळवणं हेच आयुष्याचं ध्येय, आणि त्या पायी खर्च करून कित्येक घरं भिकेला लागतात. सेऊलमधल्या कोचिंग क्लासेसबद्दल, नाहीतर आपल्याकडे पुण्यात पेठांमध्ये खोली घेऊन एमपीएससी करणाऱ्यांबद्दल, आणखी काय वेगळं सांगणार?

पण हिशेबनिसाच्या वहीत एक मोठी रिकामी जागा आहे. तेरा वर्षं. तरुण माणसं. बायका-मुलांबद्दल हामेल स्वतःच्या लोकांपुरता एक अक्षर लिहीत नाही. सुटून आलेल्या इतरांकडून अॅमस्टरडॅमच्या निकोलास विट्सेनने नंतर माहिती गोळा केली, तेव्हा लग्नांचा विषय निघाला. गांगजिन भागात आजही काही घराण्यांबद्दल सांगतात की त्यांच्या मुळाशी डच रक्त आहे. गावातल्या दगडी कुंपणांची तिरकी रचनाही लोक त्यांच्याच नावावर लावतात. यातलं किती खरं ते सोडा. पण पगार मागायच्या अर्जात, आम्ही तिथे संसार थाटला होता, असं कोण लिहील?

१६६० ते ६३ सलग दुष्काळ पडला. २२ जण उरले. एका ठाण्याला इतक्यांना पोसणं जमेना, म्हणून योसू, सुन्चॉन आणि नामवॉन अशा तीन ठिकाणी वाटले. हामेल योसूला, समुद्रकाठी. तिथला एक अधिकारी चांगला, पुढचा छळणारा, असं चालू राहिलं. त्यांनी एका कोरियन शेजाऱ्याला गाठलं. म्हणाले, बेटांवरून कापूस आणून विकतो, आमच्यासाठी होडी घे, नफ्यात तुला वाटा. त्याने होडी घेतली. ती या परक्यांना हवी आहे हे मूळ मालकाला कळलं तेव्हा तो बिथरला. ते पळाले तर माझा जीव जाईल, म्हणाला. यांनी दुप्पट पैसे दिले. मालकाने ते घेतले.

४ सप्टेंबर १६६६ च्या रात्री आठ जण निसटले. (आग्र्याहून महाराज निसटले तो हाच पावसाळा.) काही दिवसांत ते जपानच्या गोतो बेटांवर पोचले, तिथून नागासाकीला. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना ५४ प्रश्न विचारले : सैन्य किती, किल्ले कसे, काय पिकतं. म्हणजे कोरियाच्या राजाला वाटत होती ती भीती अक्षरशः खरी ठरली. यांनी सगळी उत्तरं दिली. होडीच्या मालकाचं आणि त्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं, याबद्दल हामेलच्या अहवालात ओळ नाही.

आणि पगार? कंपनीचा नियम असा की जहाज बुडालं त्या दिवशी पगार थांबला. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, नकार मिळाला. पुढे हॉलंडमध्ये संचालकांनी थोडी बक्षिशी दिली, तेवढीच. पुस्तक मात्र धडाधड खपलं, आणि एका प्रकाशकाने तर त्यात हत्तीही घुसडले. कोरियात हत्ती! हामेल पुढे गोरिंखेमला परतला आणि १६९२ मध्ये वारला. अविवाहित.

मागे आठ जण राहिले होते. जपानच्या मध्यस्थीने १६६८ मध्ये त्यांना सोडलं, पण आले सातच. आठवा होता जहाजाचा आचारी, यान क्लासेन, नामवॉनचा. जपानी नोंद म्हणते तो आधीच वारला होता. विट्सेन म्हणतो तो जिवंत होता, तिथे त्याचं लग्न झालं होतं, आणि त्याने यायला नकार दिला.