एकच जिद्द, दोन सूर: ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आणि ‘कणा’ कसं वाचायचं?

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांच्या दोन कविता हमखास व्हायरल होतात: ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आणि ‘कणा’. दोन्हींवर ‘मोटिव्हेशनल’ असा एकच शिक्का बसतो. पण त्यांचा सूर अगदी वेगळा आहे.

थीम आणि टोन म्हणजे काय?

कविता कशाबद्दल काय सांगते, ती तिची थीम, म्हणजेच आशयसूत्र. ती कोणत्या आवाजात सांगते, तो टोन, म्हणजेच सूर. या दोन्ही कवितांचं आशयसूत्र जवळपास सारखं आहे. समोर पाणी आहे, सगळं उद्ध्वस्त होऊ शकतं, तरी माणूस मोडत नाही.

‘कोलंबसाचे गर्वगीत’

१९४२ साली आलेल्या ‘विशाखा’ संग्रहातली ही कविता. बोलणारा कोलंबस आहे. तो वादळाला थांब म्हणत नाही, उलट आणखी उसळायला सांगतो. मग खलाशांना हाक देतो आणि शेवटी समुद्रालाच सुनावतो. आज्ञार्थी क्रियापदं, थेट संबोधनं, जोरकस लय यांतून आव्हानाचा सूर तयार होतो. ‘गर्व’ हा शब्द तर शीर्षकातच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोलणारं पात्र म्हणजे कवी नव्हे. खरा कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनहून निघाला आणि १२ ऑक्टोबरला बहामा बेटांवर पोहोचला. पुढे त्याच्याच काळात तिथले मूळ रहिवासी गुलाम झाले. कविता त्या इतिहासात शिरत नाही. तिचा कोलंबस हे माणसाच्या जिद्दीचं प्रतीक आहे. देश पारतंत्र्यात असताना हा आवाज वाचकांना आपला वाटला, यात नवल नाही.

‘कणा’

इथे समुद्र नाही, नदीचा पूर आहे. भर पावसात एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. घर वाहून गेलंय, पण तो नदीला दोष देत नाही. माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलतो. पैसे द्यायला सरांचा हात खिशाकडे जातो, तर तो हसत उठतो. त्याला हवी असते फक्त पाठीवर थाप.

शब्द रोजच्या बोलण्यातले, वाक्यं छोटी, दुःख हसण्याआड लपलेलं. इथलं शौर्य आवाज चढवत नाही. आणि कोलंबस जे कधीच कबूल करणार नाही, ते हा सहज सांगतो: एकटं वाटतंय.

वाचताना काय पाहायचं?

कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, क्रियापदं आज्ञा देतात की हकिकत सांगतात, आणि शेवटी मागणं काय आहे? एवढं पाहिलं तरी सूर सापडतो.

स्टेटसला फक्त शेवटच्या ओळी ठेवल्या की नेमका हाच फरक हरवतो. ‘कणा’मधून एकटेपणा वगळला, तर उरते फक्त ‘लढत राहा’ ही सूचना. मुळात ती मदतीची हाकही आहे.