नाटककाराचा नित्यक्रम आणि रंगभूमीचा इतिहास : 'माझा नाटकी संसार'च्या निमित्ताने

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. छापील संहिता हाती असते. प्रयोग मात्र पडदा पडताच संपलेला असतो. नाटक कसे रचले गेले हे संहितेवरून कळते. ते कोणत्या निकडीपोटी तसे रचले गेले, हे कळत नाही. ही उणीव काही अंशी नाटकवाल्यांची आत्मचरित्रे भरून काढतात. गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका' (१९४०) आणि चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' (१९५७) ही नटांची आत्मकथने होत. भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर (१८८३–१९६४) यांचा 'माझा नाटकी संसार' हा मात्र नाटककाराचा ग्रंथ. १९४१ पासून तो चार भागांत प्रसिद्ध झाला. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल किती, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

नाटक आधी पूर्ण लिहावे व मग ते उभे करावे, हा क्रम आपल्याकडे प्रारंभी रूढ नव्हता. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चारच अंक रंगभूमीवर आणले. १८८२ च्या नोव्हेंबरात 'सौभद्र'चे तीन अंक झाले. ते पूर्ण झाले पुढच्या वर्षी. 'रामराज्यवियोग' तर १८८५ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरेच राहिले. लेखन आणि प्रयोग एकमेकांचा हात धरून चालत होते. नाटककार हा मंडळीच्या रोजच्या व्यवहाराचाच एक भाग होता.

वरेरकरांचा पिंड याच परंपरेत घडला. जन्म चिपळूणचा, चरितार्थ टपाल खात्यातील नोकरीवर. 'कुंजविहारी' १९०८ मध्ये रंगभूमीवर आले. त्यानंतर सुमारे दशकाने आलेल्या 'हाच मुलाचा बाप'मध्ये हुंड्याचा प्रश्न होता, 'तुरुंगाच्या दारात' (१९२३) मध्ये अस्पृश्यतेचा, 'सोन्याचा कळस' (१९३२) मध्ये गिरणीकामगारांचा. तीसहून अधिक नाटके लिहिणाऱ्या या लेखकाने आत्मचरित्रास 'संसार' हे नाव द्यावे, यात मोठे औचित्य आहे. संसार म्हटला म्हणजे रोजची निकड आली, तडजोड आली, देणेघेणे आले. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यास तो करता येत नाही.

या निकडीचा संहितेच्या घडणीशी किती निकटचा संबंध असतो, हे 'ललितकलादर्श' मंडळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. केशवराव भोसले १९२१ मध्ये निवर्तले व मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांकडे आली. पुढच्याच वर्षी वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आले. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या साहाय्याने या काळात रंगवलेल्या पडद्याऐवजी प्रत्यक्ष घरासारखा वाटणारा देखावा रंगमंचावर येऊ लागला. पडदा क्षणात गुंडाळता येतो. भिंती-दारांचा देखावा वारंवार हलवता येत नाही. साहजिकच प्रवेशांची संख्या कमी करणे भाग पडते. प्रवेश कमी झाले की निरनिराळ्या स्थळी घडणाऱ्या घटना एकाच खोलीत आणाव्या लागतात, किंवा संवादातून सूचित कराव्या लागतात. एकप्रवेशी अंकाकडे मराठी नाटक वळले, त्यामागे इब्सेनचे वाचन होते हे खरे. पण सुताराची करवत आणि रंगाऱ्याचा कुंचलाही होता. ही दुसरी बाजू केवळ संहिता वाचून हाती लागत नाही.

तथापि आत्मचरित्र हे साधन जपून वापरले पाहिजे. नव्या वास्तववादी नाटकाचा आरंभ आपण सामान्यतः १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने केलेल्या 'आंधळ्यांची शाळा'च्या प्रयोगापासून मोजतो. 'सत्तेचे गुलाम' त्याआधी अकरा वर्षांचे. मग श्रेय कोणाचे? अशा वादात आत्मचरित्रकार हा साक्षीदार असतो, तसाच स्वतःच्या पक्षाचा वकीलही असतो. शिवाय तो लिहितो तेव्हा मधली वर्षे लोटलेली असतात आणि नंतरचे यशापयश आधीच्या आठवणींना रंग देते. म्हणून वरेरकरांच्या कथनाशेजारी काळे यांचे 'ललितकलेच्या सहवासात' ठेवून वाचावे, नटांची आत्मकथने ठेवावीत, समकालीन जाहिराती व परीक्षणेही पाहावीत. जेथे दोन स्वतंत्र साक्षी जुळतात तेथे इतिहासाला पाय टेकता येतो. जेथे त्या जुळत नाहीत तेथेही, कोणाला कशाचा अभिमान वाटत होता, हे तरी कळतेच. आणि तीही ऐतिहासिक माहितीच होय.

श्रेयाच्या वादाचे उत्तर बहुधा एका नावात मिळणार नाही. १९२२ मध्ये धंदेवाईक मंडळीच्या संसारात जे निकडीने घडत गेले, ते १९३३ मध्ये सुशिक्षित मंडळींनी जाणीवपूर्वक व तत्त्व म्हणून मांडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. इतिहासकाराने दोहोंची नोंद घ्यावी. तत्त्वाची घोषणा करणारा दिवस तिथीनिशी सापडतो. रोज थोडे थोडे लिहीत, खोडीत, तालमीत बदलीत नाटक घडवणाऱ्याचे दिवस मात्र निनावी राहतात. त्या दिवसांचा हिशेब राखून ठेवणारे ग्रंथ आपल्याकडे थोडे आहेत. 'माझा नाटकी संसार' त्यांपैकी एक आहे. म्हणून आपल्या अभ्यासक्रमात त्याचे स्थान संहितांच्या बरोबरीने असावयास हवे.